टेप कोणाच्या हातात? राजगृहाचा इतिहास आणि आपले घरकुल



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनेकजण दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृहावरही जातात. उंबरठ्याला हात लावतात, बाबासाहेबांची खुर्ची-टेबल पाहतात, फोटो काढतात आणि परत गाडी पकडतात. यात गैर काही नाही. पण इतक्या वर्षांत या वास्तूविषयी एक साधा प्रश्न आपण विचारलेला नाही. हे घर बांधले कसे? जागा कोणी दिली, पैसा कुठून आला, नकाशा कशासाठी तसा केला, मालक लंडनला असताना कामावर नजर कोणाची होती?

याउलट एक आक्षेप मात्र नेहमी ऐकू येतो. आपलेच काही मित्र दबक्या आवाजात आणि विरोधक उघडपणे विचारतात: समाज झोपड्यांत असताना बाबासाहेबांनी सवर्णांच्या कॉलनीत बंगला कशाला बांधला? भक्त या प्रश्नावर चिडतात आणि टीकाकार खूश होतात. माझे म्हणणे असे की दोघांनीही राजगृह नीट पाहिलेले नाही. आपल्या माणसाने स्वतःच्या गरजेप्रमाणे, स्वतःच्या हिशोबाने, स्वतःच्या देखरेखीखाली घर बांधणे ही या देशात राजकीय घटना होती. आजही आहे. घर कोणाला मिळाले याइतकाच तो उभा करताना टेप, वही आणि पैसा कोणाच्या हातात होता हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

कौले टाकणे हा गुन्हा होता

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची वस्ती गावाबाहेर सांगितली आहे आणि त्याला फुटकी भांडी नेमून दिली आहेत. कोणी म्हणेल, ही पोथीतली गोष्ट आहे. मग बाबासाहेबांचे अस्पृश्यांच्या गावकुसाबाहेरील जीवनावरचे लेखन वाचा. खेड्यात अस्पृश्याने काय केले की गुन्हा ठरतो, याची यादीच त्यांनी दिली आहे. त्यात वस्ती वेगळी असणे आहे, ती दक्षिणेला असणे आहे, जमीन-जनावरे न बाळगणे आहे आणि घरावर कौले न टाकणेही आहे. दक्षिण का? कारण ती अशुभ दिशा. म्हणजे आपल्या घराची दिशा, आपले छप्पर आणि आपल्या भिंतीची उंची हे सारे दुसऱ्याने ठरवायचे. घर आपले, पण नकाशा जातीचा!

यातली विसंगती बघा. महारकीच्या कामांत गावाची वेस आणि गावकूस राखणे, दुरुस्त करणे होते. शिवेचा वाद झाला की हद्द कुठे आहे हे महाराला विचारले जाई. कोणाची जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे गावात सर्वांत चांगले ज्याला ठाऊक, त्याच्या नावावर पक्क्या भिंतीची जागा नाही. गावाची भिंत आपण बांधायची आणि त्या भिंतीच्या बाहेर राहायचे. वडार समाजाने दगड फोडला, बेलदारांनी भिंती रचल्या, आपल्या आया-बहिणींनी डोक्यावर पाट्या वाहिल्या. बांधकामाचे कौशल्य आपल्यात नव्हते असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे नव्हता तो मालकीचा आणि निर्णयाचा हक्क.

या देशाला १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा करावा लागला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. ज्याला अडवले जात नव्हते त्याच्यासाठी असे कलम लिहावे लागत नाही. कौले टाकणे जिथे गुन्हा होता, तिथे कौले टाकू न देणे गुन्हा ठरवावे लागले. आपल्या घरांचा इतिहास या दोन वाक्यांत मावतो.

बडोद्याची धर्मशाळा, परळची चाळ

१९१७ साली कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण घेतलेला एक तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होतो. नोकरी आहे, पगार आहे, पदवी आहे. डोक्यावर छप्पर मात्र नाही. हिंदू खानावळ त्याला घेणार नाही म्हणून तो पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहतो. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहतात आणि त्याला बाहेर काढतात. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र दोघेही आपापल्या अडचणी सांगतात. तो तरुण बागेत बसून राहतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परततो. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. भाड्याने घर न मिळणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मुंबईत त्यांचे घर होते परळच्या बीआयटी चाळीत. चाळ क्रमांक १, खोली क्रमांक ५० आणि ५१. १९१२ ते १९३४ एवढा दीर्घ काळ या कुटुंबाचा पत्ता तोच होता. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये ही सरकारी संस्था निघाली. दाट वस्त्या पाडणे, रस्ते काढणे, कामगारांसाठी चाळी बांधणे आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती आखणे ही तिची कामे. याच चाळीत राजर्षी शाहू महाराज बाबासाहेबांना भेटायला आले होते. महाडची तयारी झाली तेव्हा बाबासाहेबांचे घर हेच. दोन खोल्या, भरलेले कुटुंब आणि वाढत जाणारी पुस्तके. रमाईंनी या दोन खोल्यांत काय सोसले हे आपण गाण्यांतून ऐकतो. मुले गेली, पैसा नव्हता, नवरा परदेशात. पण तिथे जागेचाही प्रश्न होता. अभ्यासाला जागा नाही, पुस्तकांना जागा नाही, येणाऱ्या माणसाला बसायला जागा नाही.

हिंदू कॉलनीत जागा मिळाली कशी?

दादर-माटुंगा ही वसाहत याच ट्रस्टच्या योजनेतून आखली गेली. दादरची पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी ही त्याच योजनेची अपत्ये. इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे.

त्याच काळात मुंबईत दुसरा एक मार्ग रुजत होता. १९१५ साली गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक, आणि ती एका जातीची. सहकार आधुनिक, नियमावली आधुनिक, इमारत आधुनिक, पण सभासदत्वाची किल्ली जुनीच. मग ही पद्धत पसरत गेली. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा संस्थेचा नियम वैध ठरवला. आज फ्लॅट बघायला गेलेल्या आपल्या पोराला आडनाव विचारले जाते, 'व्हेज फॅमिली' हवी असे सांगितले जाते, त्याचे मूळ शोधायला फार लांब जायची गरज नाही.

बाबासाहेबांनी १९३० च्या सुमारास हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. एक पाचव्या गल्लीत, क्रमांक १२९. दुसरा तिसऱ्या गल्लीत, क्रमांक ९९. नाव हिंदू कॉलनी असले तरी वसाहत आखणारी संस्था सार्वजनिक होती, जातीची पंचायत नव्हती. जिथे जमिनीवर सार्वजनिक सत्तेचा हात आहे तिथे आपल्याला निदान दार ठोठावता येते. जिथे ती जातीच्या मंडळाच्या हातात जाते तिथे दारच नसते. खासगीकरणाच्या काळात हा मुद्दा आपण घराच्या बाबतीत फारच कमी बोलतो.

मालक म्हणून बाबासाहेब

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू. नोव्हेंबर १९३० मध्ये पहिली गोलमेज परिषद. १९३१ च्या उत्तरार्धात दुसरी. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार. १९३२ च्या शेवटी तिसरी गोलमेज. आणि याच १९३० ते १९३३ च्या दरम्यान दादरला राजगृह उभे राहत होते. म्हणजे या घराचा मालक बहुतेक वेळ एक तर बोटीवर होता, नाही तर लंडनला, नाही तर सभेत. ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःचे घर बांधले आहे त्याला कळेल की मालक जागेवर नसताना बांधकाम चालवणे म्हणजे काय असते.

त्यांनी जे केले त्यातून चार गोष्टी दिसतात.

पहिली, गरज आधी आणि नकाशा नंतर. हे घर शोभेसाठी नव्हते, ग्रंथांसाठी होते. तळमजल्यावर कुटुंबासाठी तीन-तीन खोल्यांची दोन घरे आणि वर ग्रंथालय व कार्यालय अशी रचना. घराचा वरचा, उजेडाचा, शांत भाग देवघराला नाही, दिवाणखान्याला नाही, पुस्तकांना दिला.

दुसरी, दोन भूखंड आणि दोन हेतू. राजगृह राहण्यासाठी, तर ९९ क्रमांकावरची 'चार मिनार' ही इमारत भाड्याने देण्यासाठी. डोक्यावर कर्ज होते. सरकारी नोकरी नाही, वकिली आणि अध्यापन यांवर घर चालते, आणि चळवळीतून मिळकत नाही. अशा माणसाने फक्त खर्चिक घर न बांधता कमाई देणारीही इमारत बांधली. अर्थशास्त्रातली डॉक्टरेट फक्त रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहायला नव्हती!

तिसरी, देखरेख. स्वतःला वेळ नाही हे ओळखून त्यांनी बांधकामावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस नेमला. बांधणारा आणि तपासणारा एकच असू नये, हे तत्त्व आपण संविधानात शोधतो. ते घराच्या पायातही लागते.

चौथी, काय विकायचे हे ठरलेले होते. पुढे कर्ज आणि ग्रंथखरेदी यांचा भार झाला तेव्हा 'चार मिनार' विकली गेली. ग्रंथालय विकले गेले नाही. आपल्याकडे अडचण आली की आधी मुलीचे शिक्षण थांबते, मग पुस्तके रद्दीत जातात आणि प्लॉट शेवटपर्यंत सांभाळला जातो. हा क्रम बाबासाहेबांनी उलटा ठेवला होता.

नावाचेही सांगितले पाहिजे. राजगृह म्हणजे मगधाची प्राचीन राजधानी, बिंबिसाराची नगरी. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती तिथेच झाली. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि दीक्षा १९५६ ची. त्याच्या कितीतरी आधी 'हिंदू' नावाच्या कॉलनीत या माणसाने आपल्या दारावर बौद्ध इतिहासातले नाव लावले होते.

राहिला तो आक्षेप, समाज झोपडीत आणि नेता बंगल्यात. ज्या घरात नेता राहतो तेच घर समाजाचे वाचनालय, कार्यालय आणि वकिलाची खोली असेल तर त्याला बंगला म्हणून मोकळे होता येत नाही. ज्याच्या लेखणीवर कोट्यवधींचे भवितव्य होते त्याने दोन खोल्यांच्या चाळीतच लिहावे, अशी अपेक्षा टिळक-गांधींच्या बाबतीत कोणी केली नाही. दलिताने साधेपणानेच राहावे हा आग्रह म्हणजे जुन्या यादीतली कौलाची अटच आहे, फक्त भाषा सभ्य झाली आहे. आणि ७ जुलै २०२० च्या संध्याकाळी याच घराच्या आवारात तोडफोड झाली हेही विसरू नका. झाडांच्या कुंड्या फोडणाऱ्याला नेमके ठाऊक असते की कोणाच्या घरावर हात टाकला म्हणजे कोणाला लागते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. रमाईंना हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ ला राजगृहातच त्यांचे निधन झाले. आज महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी जी घरकुल योजना आहे तिचे नाव 'रमाई आवास'. ज्या माऊलीचे उभे आयुष्य दोन खोल्यांत गेले तिच्या नावाची योजना आपल्या वस्तीत कशी चालते ते आता बघू.

घरकुल: नियम एक, व्यवहार दुसरा

१९८५ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली ती अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त वेठबिगारांसाठी. तिच्यात एक फार महत्त्वाची अट होती: घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, ठेकेदार लावायचा नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही हेच तत्त्व कायम आहे. किमान २५ चौरस मीटर म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचे घर, पैसे थेट बँक खात्यात, आणि हप्ते कामाच्या टप्प्याप्रमाणे, फोटो काढून. कागदावर मालक आपण. गावकुसाबाहेरच्या माणसाला सरकारने पहिल्यांदा लेखी सांगितले की तुझ्या घराचा निर्णय तुझा.

व्यवहारात काय होते? मी ज्या वस्त्यांत काम करतो तिथे चित्र असे. यादीत नाव आले की दुसऱ्या दिवशी कोणीतरी दारात येतो. "ताई, तुम्ही काळजी करू नका, पासबुक आणि आधार द्या, चावी हातात देतो." हप्ता जमा होतो, बँकेत अंगठा उठतो आणि पैसे त्याच्या हातात जातात. पाया किती खोल घेतला, सळई किती वापरली, सिमेंटच्या किती गोण्या आल्या, कोणालाच ठाऊक नाही. स्लॅबला दोन दिवस पाणी मारले जाते. पहिल्या पावसात गळती. शेवटचा हप्ता अडकतो, तो माणूस फोन उचलत नाही, दारे-खिडक्या राहतात आणि कुटुंब पडदा लावून राहायला जाते. अनुदान संपलेले असते आणि बचत गटाचे कर्ज सुरू झालेले असते.

याला नुसता भ्रष्टाचार म्हणून चालणार नाही. हा आपल्या मालकीवरचा हल्ला आहे. पूर्वी गाव आपले छप्पर ठरवत होते, आता मध्यस्थ ठरवतो.

पण दुसरे चित्रही आहे. त्याच वस्तीत एका शेतमजूर बहिणीने शंभर पानी वही घातली होती. वाळू किती ब्रास, कोणत्या तारखेला, ट्रॅक्टरवाल्याला किती दिले. गवंड्याला उचल किती आणि काम कुठवर. ती चौथीपर्यंत शिकलेली. गवंडी आधी हसला, मग सांभाळून काम करू लागला. तिचे घर वस्तीतले सर्वांत मोठे नाही. पण गळत नाही आणि तिच्यावर कोणाचे देणे नाही.

म्हणून तरुणांनो, काही गोष्टी आपल्याला माहीत असल्याच पाहिजेत.

जागेचा कागद आधी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून त्यावर नाव कोणाचे ते बघा. घर शक्यतो बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करा. आजोबांच्या नावावरच्या जागेत चार भाऊ असतील तर पाया खणण्याआधी संमती लेखी घ्या. भावकीचा वाद अर्ध्या भिंतीवर निघाला तर घरही जाते आणि भाऊही जातो.

काम तोंडी देऊ नका. नुसती मजुरी की मालासकट, चौरस फुटाचा दर काय, त्यात प्लास्टर, फरशी, शौचालय धरले आहे का, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे टप्प्याने द्या: जोते झाल्यावर, लिंटेलपर्यंत भिंती आल्यावर, स्लॅब पडल्यावर, प्लास्टर झाल्यावर. झालेल्या कामापेक्षा पैसे पुढे गेले की मालकी गेली असे समजा.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि शंभराने भागा. पाचवीच्या पोराला जमणारे हे गणित आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची, रोज किती फुटल्या त्या मोजा. स्लॅब टाकण्याआधी सळई बांधलेली स्वतः बघा आणि फोटो काढा, कारण काँक्रीट पडल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही. स्लॅबला निदान दहा-चौदा दिवस पाणी राहू द्या. पाणी मारायला इंजिनिअर लागत नाही.

आणि वाढीव बांधकामाचे. पोराचे लग्न ठरले की जुन्या घरावर मजला चढवायची घाई होते. खालचा पाया एका मजल्याचा, भिंती विटांच्या, कॉलम नाहीत, आणि वर स्लॅबचे वजन. आधी जाणकाराला पाया दाखवा, मग विटा आणा. पुढे मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया वर्षानुवर्षे उघड्या ठेवल्या जातात आणि गंजून जातात. त्यांच्यावर हलके काँक्रीट टाकून झाका. उद्याच्या मजल्याची तयारी आजच्या सळईत असते.

विहारातून सुरुवात

हे सगळे एकट्या कुटुंबावर सोडून चालणार नाही. बाबासाहेबांना वेळ नव्हता तर त्यांनी देखरेखीला माणूस नेमला. शेतमजूर बाईला रोजंदारी बुडवून दिवसभर बांधकामावर उभे राहता येत नाही, तर तिच्या वतीने कोण उभे राहणार? प्रत्येक तालुक्यात आपली सिव्हिल डिप्लोमा केलेली, आयटीआय झालेली, गवंडीकामात मुरलेली माणसे आहेत. जयंतीच्या मिरवणुकीत ती सर्वांत पुढे असतात. त्यातल्या चार-पाच जणांनी विहारात महिन्यातून एक रविवार बसावे. घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबांचे करार वाचून द्यावेत, स्लॅबच्या आदल्या दिवशी एक फेरी मारावी, अडकलेल्या हप्त्यासाठी पंचायत समितीत अर्ज लिहून द्यावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वर्षभराचे पेट्रोल निघेल.

काहींना हे काम लहान वाटेल. क्रांती करायची सोडून विटा मोजायच्या का? २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीची आठवण करून देतो. भोतमांगे कुटुंबाकडे स्वतःची शेती होती, मुले शिकत होती, आणि राहायला कच्चे झोपडे होते. जमीन आणि घर यांवर ताठ मानेने हक्क सांगणारे कुटुंब गावाला सहन झाले नाही. ज्या गोष्टीसाठी आपली माणसे मारली जातात ती गोष्ट लहान कशी असेल?

येत्या ६ डिसेंबरला राजगृहावर जरूर जा, आणि घरी परतल्यावर वस्तीत ज्यांचे बांधकाम चालू आहे त्यांच्या दारात जा. वही आहे का विचारा. नसेल तर घेऊन द्या, आणि पहिल्या पानावर पहिल्या गोणीची तारीख लिहून द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!